वाफेचं भाडं

अनुभव कसा होता, म्हणून तुम्हीच विचारलंत.
खाली चौकट ठेवलीत अडीचशे अक्षरांची.
माझं तेवढ्यात मावत नाही.

मी बोझेना. बिदगोश्चमध्ये पाव भाजते,
रात्री दोनपासून सकाळी दहापर्यंत.
घरी आले की झोप येईस्तोवर तासभर खेळायचे.
तुमचा तो नदीचा खेळ. मालवाहू होडी,
कोळसा भरा, बीट भरा,
पाण्याची दारं उघडेपर्यंत थांबा.
त्यात कुणाला मारायचं नव्हतं, म्हणून घेतला.
एकशे एकोणनव्वद झ्लॉटी, रोख.
खोका अजून फ्रिजवर आहे.
त्यात तबकडी नव्हती, नुसता एक कागद, वर आकडे.
तेव्हाच कळायला हवं होतं.

भाचा क्सावेरी माझ्याहून शहाणा.
त्याने दुसऱ्या भागाचे पैसे सहा महिने आधीच भरले.
पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल.
खेळ आला तेव्हा त्याची होडी
पाण्यावरून नाही, पाण्याखालून चालत होती.
त्याने तक्रार केली. तुम्ही उत्तर दिलंत,
तुमच्या उत्साहाबद्दल आम्ही आभारी आहोत.

मग एका मंगळवारी माझा भोंगा गेला.
सुधारणा, म्हणालात.
भोंगा आता वेगळा, नाण्यांमध्ये.
नाणी पाचशेच्या थैलीत,
भोंगा पाचशे वीसला.
अहो, मी पाव विकते. मला त्या विसाचं गणित कळतं.
आमच्याकडे डझनाला तेरावा द्यायची पद्धत आहे,
गिऱ्हाईक पुन्हा येतं.
तुम्ही अकरा देता
आणि बाराव्यासाठी थैली दाखवता.

खोटं कशाला बोलू, पाणी सुंदर होतं.
पहाटेचं, धुक्याखाली जरा जाडसर दिसणारं.
ज्याने कुणी ते काढलं त्याचं नाव शेवटच्या यादीत होतं,
मार्चनंतरच्या यादीत नाही.

नोव्हेंबरात पत्र आलं.
प्रिय कुटुंब, हा सुंदर प्रवास इथे संपतो आहे.
कुटुंब?
आमच्या कुटुंबात घर रिकामं करा म्हणून सांगायला येतात
तेव्हा निदान चहा पिऊन सांगतात.
तीस तारखेला मी होडी धक्क्याला लावली,
दोर दोनदा गुंडाळला. कशासाठी, माहीत नाही.
अकरा वाजता पडदा म्हणाला, संपर्क होत नाही.

हेही विसरले असते.
पण डिसेंबरात आमच्या वोइचाकने नवी भट्टी आणली, पडद्याची.
पंधराव्या रात्री राईचे चाळीस पाव आत,
आणि भट्टी लिहिते:
वाफेची विनामूल्य मुदत संपली.
पुढे दरमहा इतके.
वोइचाकने चष्मा काढून वाचलं.
चष्मा लावून पुन्हा वाचलं.
चौसष्ट वर्षांचा भट्टीवाला
भट्टीपुढे उभा, पासवर्ड आठवत.
आत नळ होता, पाणी होतं, आग होती.
परवानगी तेवढी नव्हती.

मी कान तुटलेला लोखंडी तवा शोधला,
खालच्या खणात सरकवला, लाल होऊ दिला
आणि मगभर पाणी फेकलं.
जो काही आवाज झाला!
वोइचाक दोन पावलं मागे.
मी दार लावलं.
पावांच्या पाठी फुगल्या, चमकल्या, चिरा नीट उघडल्या.
पडद्यावर वाफ अजून बंदच होती.

तर हे माझं मत. जास्तीची अक्षरं कापा,
कापायची तुम्हाला सवय आहे.
पाच तारे त्या पाणीवाल्याला, पत्ता असला तर कळवा त्याला.
तुम्हाला एकही नाही;
पण तुमचा रकाना शून्य घेत नाही,
म्हणून एक.

आणि माझा भोंगा परत द्या.
पैसे नकोत.
भोंगा.